चेहऱ्याकडे न बघता

ता. ९ मार्च

प्रिय धाकटे,
अ. आ.

सकाळपासून कानात एकच आवाज घुमतोय. फरशीवरून जस्ताचं तसराळं सरकल्याचा. आठवतो ना? गिऱ्हाईक बाकावर टेकलं की बाबा तसराळं पुढे ओढायचे, कोमट पाण्यानं त्याचे पाय धुवायचे आणि मगच जोड्याचं माप घ्यायचे. आपण मागे बसून शाळेतल्या कविता घोकायचो आणि तुझं कडवं नेमकं तेव्हाच चुकायचं. प्रभूनं शिष्यांचे पाय धुतले, आपण गिऱ्हाइकांचे धुवायचे, यापलीकडे बाबांनी धर्म म्हणून काही शिकवलं नाही. नियम एकच, पाय धुताना चेहऱ्याकडे बघायचं नाही. बघितलं की आपण माणसं निवडायला लागतो, म्हणायचे. आपलं दुकान तळघरात, खिडकीतून रस्त्यावरच्यांचे नुसते पाय दिसतात, हेही त्यांना देवाचंच नियोजन वाटायचं.

सुईबाई अशीच गिऱ्हाईक म्हणून आली होती. पाय धुताना रडली आणि तुरुंगात दोन वर्षं काढल्याचं बोलून गेली. लेकीलाही ठाऊक नव्हतं. आई परगावी कामाला होती, एवढंच तिला माहीत. मी सुईबाईला शिवणाच्या यंत्रावर बसवलं. सहा वर्षांत तिचा एक टाका वाकडा गेला नाही.

हे मी फक्त तुला लिहिलं होतं. आणि तू ते आमच्या पाळकबाईंना कळवलंस! रविवारी त्यांनी तुझी चिठ्ठी भर प्रार्थनासभेत वाचली, की दादाच्या दुकानात शिवणकाम करणाऱ्या, तुरुंगातून सुटलेल्या बाईसाठी प्रार्थना करा. लेक तिच्या शेजारीच बसली होती. सगळ्यांनी डोळे मिटले, कान कुणी मिटले नाहीत.

सुईबाई आता स्टेशनमागच्या धुलाईघरात चादरी पिळते. लेक तिच्याशी बोलत नाही. धाकटे, तू केसानं गळा कापलास, तोही हात जोडून.

'लोभ असावा' लिहायला हात धजत नाही.

तुझा,
दादा


ता. १५ मार्च

ती. दादास,
सा. न.

तुझं पत्र तीनदा वाचलं. चौथ्यांदा चष्म्यातून दिसेना.

मी नाव कुठे लिहिलं होतं, असं म्हणून सुटायला बघत होते. पण तुझ्या दुकानात शिवणकाम करणाऱ्या बायका आहेतच किती? तिचं भलं व्हावं म्हणूनच लिहिलं, असंही मनाला समजावून झालं. खरं सांगू? पाळकबाईंना ते लिहिताना मला जरा बरं वाटलं होतं. नऊ वर्षं या गुडघ्यांनी मला फाटकाबाहेर जाऊ दिलेलं नाही. माझ्याकडे येतात त्या लोकांच्या दुःखाच्या बातम्या, आणि मी त्या प्रार्थनेच्या पाकिटात घालून पुढे धाडते. शेजारीण तर म्हणते, मी टपालखात्यातच शोभले असते. तेव्हा हसले होते.

लहानपणी माझं कडवं अडलं की तू हळूच पुढचा शब्द सांगायचास. आताही अडलेय. सांगशील?

लोभ मागायला तोंड नाही, तरी मागते.

तुझी,
धाकटी


ता. १८ मार्च

काकांना नमस्कार, वि. वि.

तुमचा निरोप पोचला. यंत्र झाकून ठेवलंय, जागा तशीच आहे, असं कळवलंत. मी येणार नाही.

तुम्ही बहिणीवर फार चिडला आहात, असं निरोप आणणारी म्हणाली. तुमच्या बहिणीला मी ओळखत नाही. त्यांना मी काही सांगितलं नव्हतं. तुम्हाला सांगितलं होतं.

लेकीच्या उजव्या जोड्याचा तळ लावायचा राहिलाय, तेवढा लावून ठेवा. वेळेवर जेवत जा.

सुईबाई


ता. २४ मार्च

प्रिय धाकटे,
अ. आ.

सुईबाईची चिठ्ठी सहा दिवस खिशात घेऊन फिरतोय. शेवटच्या दोन ओळी आता पाठ झाल्यात. शाळेतलीही कुठली कविता इतक्या लवकर पाठ झाली नव्हती.

मी तुला ते का लिहिलं होतं? पत्र रंगावं म्हणून. तसराळ्यात पडलेले तिचे अश्रू मी केवढ्या हौसेनं उतरवले होते, उपमा शोधायला दोन कागद फाडले होते. चेहऱ्याकडे बघायचं नाही म्हणणारा मी, तिचा चेहरा टपालानं तुला पाठवून मोकळा झालो.

तरी तुझ्यावरचा राग जात नाही. खोटं कशाला लिहू? तसराळं भिंतीशी उपडं पडलंय, पंधरा दिवस मी कोरडीच मापं घेतोय. तू आलीस तरी तुझ्यासाठी ते सुलटं करणार नाही, हेच कळवायला आज बसलो होतो. पुढचा शब्द मलाही

थांब. खिडकीत कुणीतरी उभं आहे. घोटे टम्म सुजलेत. पायात तपकिरी जोडे, नऊ वर्षांपूर्वी मीच शिवलेले, तळाच्या कडा अजून कोऱ्या. धाकटे, हे तुझे पाय!

आणि तुझ्याबरोबर, एकेका पायरीवर तुला सावरत उतरणारे दुसरे जोडे, डावी टाच झिजलेले. ते कुणाचे, हे चेहरा न बघता कळतं मला. म्हणजे माझ्याकडे येण्याआधी तू धुलाईघरात जाऊन आलीस.

कडी वाजतेय. हे पत्र आता कुठल्या पत्त्यावर टाकू? बाबांचा नियम बरा आहे. आज मला वर बघवणार नाही.

पाणी तापत ठेवतो.