फोटोमागचा चौकोन

तीर्थस्वरूप मामांना साष्टांग नमस्कार. (या खेपेला कपाळ जरा जास्त वेळ जमिनीला टेकलेलं आहे असं समजावं, वर बघायची हिंमत नाही.) तुमची पाठ आता कशी आहे? मामींचे गुडघे? माझी तब्येत उत्तम आहे. मान खाली न घालता सांगता येईल अशी या पत्रात तेवढी एकच बातमी आहे, म्हणून ती आधी उरकून घेतली.

तुमचं पत्र मिळून अकरा दिवस झाले. एकाच शहरात राहून भाच्याला पत्र लिहिणारे तुम्ही एकटेच असाल, पण एकतीस वर्षं कचेरीत काढलेल्या माणसाला तोंडी उत्तर चालत नाही हे मला ठाऊक आहे. तुम्ही तीन प्रश्न विचारलेत आणि प्रत्येकाखाली उत्तरासाठी जागाही सोडलीत: मास्टर्स केल्याने माझा हुद्दा वाढला का, पगार वाढला का, आणि त्यावरून तुमच्या छोटीला पुढची दोन वर्षं शिकू द्यावं की विमा कंपनीतली चालून आलेली नोकरी धरायला लावावी. शेवटी ‘तुझं उत्तर येईल तसं करू’ असं लिहून खाली दोन रेघा ओढल्यात. मामा, त्या दोन रेघांनी माझं अन्न गोड लागेनासं केलं आहे. मी आजवर पुष्कळ थापा मारल्या, पण त्यांवर कुणाच्या पोरीचं काही अवलंबून नव्हतं.

तेव्हा पहिल्या प्रश्नापासून सुरुवात करतो. मी एका मोठ्या रंगांच्या कंपनीत ‘संशोधन विभागात’ आहे, असं तुम्ही येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगता. मी रंगाच्या दुकानात आहे. दुकान मोठं आहे, हे मात्र खरं. आत डाव्या हाताला रंग मिसळायचं यंत्र आहे, त्याच्यामागे मी असतो, आणि गिऱ्हाईक उशीचा अभ्रा किंवा भिंतीचा पोपडा आणून ‘अगदी असाच रंग पाहिजे’ म्हणालं की तो शोधून काढणं हे माझं काम. (म्हणजे शोध लागतो. ‘संशोधन’ मी तिथून उचललं.) माझ्या अंगात एप्रन असतो. तुम्हाला पाठवलेल्या फोटोतला पांढरा कोट तो हाच. खिशावरचं दुकानाचं नाव मी हाताची घडी घालून झाकलं होतं. फोटो काढणारा म्हणत होता, जरा मोकळे उभे राहा.

आता तुम्ही म्हणाल, काम कुठलंही असो, मास्टर्स झालेला म्हणून दोन पैसे जास्त मिळत असतील. इथेच खरी गोम आहे. इथे कुणालाही मी रसायनशास्त्रात मास्टर्स केल्याचं माहीत नाही. मी बारावी पास आहे.

झालं असं, की पदवी हातात पडल्यावर वर्षभर मी मुलाखती देत फिरलो. निम्म्या ठिकाणी म्हणाले, शिकलायत खूप पण अनुभव नाही. उरलेल्या ठिकाणी म्हणाले, एवढे शिकलेले तुम्ही, इथे टिकणार नाही. शेवटी या दुकानात आलो, तर मालकांनी दारातच सांगितलं की त्यांना शिकलेला माणूस नको. आधीचा रसायनशास्त्राचा पदवीधर होता. ‘ओल आल्यावर रंग का फुगतो?’ असं एका बाईंनी विचारलं, तर त्याने त्यांना अर्धा तास कारणं समजावून सांगितली, आणि त्या उठून समोरच्या दुकानात गेल्या. मालक म्हणाले, ‘मला रंग विकायचाय, परीक्षा नाही घ्यायची.’ मग त्यांनी अर्ज पुढे केला. शिक्षणाच्या रकान्यात मी बारावी लिहिलं. अक्षर नेहमीपेक्षा बरं आलं.

(बारावीनंतरची सहा वर्षं काय केलंस, असं त्यांनी विचारलं. मामा, इथे मला तुमची क्षमा मागायची आहे. मी म्हणालो, मामा अंथरुणाला खिळले होते, त्यांची सेवा करत होतो. मालकांचे डोळे भरून आले. अजूनही दर सोमवारी ते तुमची चौकशी करतात, आणि मी ‘आज जरा उठून बसले’ वगैरे सांगतो. गेल्या तीन वर्षांत तुमची प्रकृती बरीच सुधारली आहे.)

इथवर सगळं निभावलं असतं. पण मालक मनाने फार चांगले निघाले, आणि माझे बारा वाजले. दुकानाच्या वर्धापनदिनी त्यांनी सगळ्यांसमोर माझ्या पाठीवर हात ठेवला आणि जाहीर केलं की मामांपायी या मुलाचं शिक्षण राहिलं, आता त्याला मी पदवीधर करणार. संध्याकाळच्या कॉलेजची फी ते भरूनच आले होते. पदवी मिळाली की काउंटरचा प्रमुख करणार म्हणे. (ज्यांना शिकलेला माणूस नको होता ते हेच. स्वतः शिकवलेला चालतो.) सगळे टाळ्या वाजवत होते. मी पाया पडलो. दुसरं काय करणार?

तर गेले चार महिने मी रोज साडेसहाला रसायनशास्त्राच्या पहिल्या वर्षाला बसतो. ठरवलं होतं की संशय येऊ नये म्हणून परीक्षेत मुद्दाम थोड्या चुका करायच्या. त्याची गरज पडली नाही. पन्नासपैकी एकोणीस मिळाले, आणि ते मी प्रामाणिकपणे मिळवले. शिकवणाऱ्या बाईंनी लाल शाईने लिहिलं, ‘पाया कच्चा आहे.’ या बाई मास्टर्सला माझ्या एक वर्ष मागे होत्या आणि माझ्या वह्या घेऊन जायच्या. पहिल्याच दिवशी मला बाकावर बघून त्यांच्या हातातला खडू खाली पडला होता. तपासलेला पेपर परत दिल्यावर त्यांनी मला थांबवून घेतलं. मला वाटलं हसतील, पण हसल्या नाहीत. म्हणाल्या, ‘तुमच्या वह्या फार सुंदर असायच्या. पण तुम्हाला त्यातलं कधी काही विचारलं, की तुम्ही वहीच पुढे करायचात.’ त्या मास्टर्समुळेच तिथे कायम झाल्या आहेत.

मामा, मी त्या दिवशी चालत घरी आलो आणि वाटेत स्वतःशी कबूल केलं की मी मास्टर्स शिकण्यासाठी केलंच नाही. नोकरी शोधायची भीती वाटत होती, ती दोन वर्षं पुढे ढकलायला केलं. त्यासाठी तुम्ही बाबांशी भांडलात आणि दोन महिने त्यांच्याशी बोलला नाहीत. मला याची जेवढी लाज वाटते तेवढी एप्रनची वाटत नाही.

पगाराचं विचारलंत. तुमच्या भिंतीला रंग लावणारा कारागीर माझ्यापेक्षा थोडं अधिक कमावतो, आणि त्याला चहा गिऱ्हाईकाकडून मिळतो.

पण म्हणून छोटीला नोकरीला लावू नका. माझ्यावरून ठरवायचं झालं, तर मी पोहता न येता पाण्यात पडलो म्हणून तिला आंघोळ बंद करण्यासारखं होईल. ती सहा महिन्यांपूर्वी दुकानात आली होती, दाराला लावायला पांढऱ्या रंगाचा डबा घ्यायला. मला एप्रनमध्ये बघितलं आणि ‘एक लिटर द्या’ म्हणाली. घरी कुणाला बोलली नाही ना? परवा मी तिला विचारलं, कशाला शिकायचंय तुला? तिने पर्समधून एक कार्ड काढलं. पाणी तपासणाऱ्या चार प्रयोगशाळांत ती स्वतः जाऊन आली आहे: कुठे जागा निघणार, कुणाला मास्टर्सशिवाय घेत नाहीत, पहिला पगार किती, सगळं लिहिलेलं. एका प्रयोगशाळेच्या नावावर तिने काट मारली होती, तिथल्या लोकांना मास्टर्स करूनही बाटल्याच धुवायला लावतात म्हणून. मला त्या वयात कुणी हा प्रश्न विचारला असता तर मी वही पुढे केली असती.

हे पत्र तिच्याच हाती पाठवतोय. मामींना सावकाश वाचून दाखवा. माझ्या कोटाचं त्यांनी शेजारणींना फार सांगितलं आहे.

आपला नालायक, पण सध्या विद्यार्थीदशेत असलेला
भाचा

ता. क. खरं म्हणजे हे सगळं आजच लिहायला बसण्याचं कारण वेगळं आहे. तुम्ही घर रंगवायला ज्या दुकानात सांगितलंत, ते आमचंच. ऑर्डरच्या वहीत तुमचा पत्ता बघून माझी पाचावर धारण बसली. गुरुवारी सकाळी मालक स्वतः भिंतींची मापं घ्यायला येतील आणि टेप धरायला मी असेन. तरी कृपा करून दिवाणखान्यातला माझा पदवीदानाचा फोटो उतरवून ठेवावा. मामींनी मला ‘साहेब’ म्हणू नये. आणि जमलं तर गुरुवारी दहा ते अकरा तुम्ही पांघरूण घेऊन पडून राहावं.

ता. क. २. वरचं लिहून झाल्यावर लक्षात आलं की फोटो चार वर्षं तिथे आहे. बाकी भिंत धुराने आणि उन्हाने पिवळी पडली असणार, आणि तो उतरवला की मागे मूळ रंगाचा स्वच्छ चौकोन दिसणार. मालक दारातून आत येताच तो बघतील आणि इथे काय होतं म्हणून विचारतील. तेव्हा त्या जागी दुसरं काहीतरी टांगावं. माप बारा बाय सोळा इंच.

ता. क. ३. छोटीने पत्र नेण्याआधी वाचलं. (मीच दिलं.) तिने एवढंच विचारलं, ‘दादा, बाबा खरंच पांघरूण घेऊन झोपतील, माहितेय ना?’ मामा, तुम्ही झोपाल. माझ्यासाठी तुम्ही तेही कराल. म्हणून फोटो आहे तिथेच राहू द्या आणि तुम्ही खुर्चीत ताठ बसा. मालकांना मी बुधवारीच सगळं खरं सांगतो. गुरुवारी त्यांच्याबरोबर मी दिसलो नाही, तर मापं घेताना टेपचं दुसरं टोक छोटीला धरायला सांगा. तिच्या मास्टर्सच्या अर्जाची मुदत मात्र मंगळवारी संपते. तेवढ्यावर आधी सही करा.