शनिवारच्या आत अंडी

सोमवार, ३ फेब्रुवारी. सकाळी ९.१०
आणि टोपली तशीच काउंटरवर ठेवून दुकानातून बाहेर पडलो. मागे वळून पाहिलं नाही. (एकदा पाहिलं. दुकानवाली मिस एल्फ्रीडा दुसऱ्या कुणाशी तरी हसत होती.)

मी फक्त ‘अंडी?’ म्हणालो होतो. संपली, म्हणाली. लोणी? संपलं. तिच्या कोपराशी अंड्यांचे चार ट्रे होते. हे कोणाचे, विचारलं. नावं आहेत त्यांच्यावर, म्हणाली.

सप्टेंबरपासून हे असं आहे. मी दुकानाच्या दारावर सुधारणांची यादी चिकटवली होती. चौदा मुद्दे, टाइप केलेले. स्कॉटलंडच्या पोस्टात तीस वर्षं मी रांगा लावल्या आहेत. रांग मला कळते. मिस एल्फ्रीडाने त्या कागदात कुणाला तरी खारा मासा बांधून दिला. तेव्हापासून मी आत शिरताना गुड मॉर्निंग म्हणत नाही. या बेटावर अकरा वर्षं काढली आहेत. न म्हणणं हा इथे अपमान समजतात ते मला ठाऊक आहे, म्हणूनच म्हणत नाही. ती आता वाकण्याच्या बेतात आहे.

दुपारी
बायकोचं, मोयराचं, पत्र पुन्हा वाचलं. ऑक्टोबरमध्ये ती बहिणीच्या गुडघ्यासाठी चार आठवडे म्हणून गेली. गुडघा फार सावकाश बरा होतो आहे. आता शनिवारच्या बोटीने येते. लिहिते, घरात ताजी अंडी आणि लोणी असेल, आणि तू माणसांशी माणसासारखा बोलत असशील, तर राहीन. नाहीतर मंगळवारच्या बोटीने परत, ती कायमची. डब्यातलं मांस माझ्या दृष्टीस पडता कामा नये.

म्हणजे प्रश्न फक्त अंड्यांचा आणि लोण्याचा आहे. पाच दिवस हाताशी आहेत. भरपूर झाले.

संकल्प: एक ट्रे अंडी, लोणी, जमल्यास लेट्यूस. मिस एल्फ्रीडापुढे न वाकता.

मंगळवार, ४ फेब्रुवारी
सकाळी आठला वरच्या गावातल्या दुकानात. बेटावर दुकानं दोनच. हे क्लेमंटचं. तिचाच भाऊ, पण स्वतंत्र विचारांचा माणूस. त्याला गुड मॉर्निंग म्हणालो, खालच्या गावापर्यंत पोचेल इतक्या मोठ्याने. अंडी मागितली. म्हणाला, एल्फ्रीडाला विचारून सांगतो.

चढ उतरून आलो. गुडघा दुखतो आहे.

११.००. शेजारच्या कथबर्टला पाठवलं. म्हातारा कोळी. दात उरले नाहीत, बोलणं उरलं आहे. त्याला बजावलं, स्वतःसाठी म्हणून एक ट्रे आण.

१२.१५. रिकाम्या हाताने परत. तिने विचारलं म्हणे, काय रे कथबर्ट, तू कधीपासून अंडी खायला लागलास? अंड्याने तुझ्या अंगावर पित्त उठतं ना? मग काय करणार, म्हणतो, अहो मिस्टर नॉर्मन, मावसबहीण माझी, तिच्याशी खोटं कसं बोलू? निरोप मात्र चोख आणला: त्या माणसाला देवाने पाय दिलेत आणि जीभही दिली आहे. पाय रोज येतात. जीभ कुठे ठेवून येतो ते विचार.

असल्या बोलण्याला मी उत्तर देत नाही. संध्याकाळपर्यंत एक चांगलं सुचलं होतं, पण लांब झालं.

बुधवार, ५ फेब्रुवारी. मालाची बोट
पहाटे ५.३० पासून धक्क्यावर. माल दुकानात पोचण्याआधीच कप्तानाकडून घ्यायचा. इतकी सोपी गोष्ट आजवर कुणाला सुचली नाही, याचं आश्चर्य वाटतं.

७.००. बोट नाही. वारा.

९.४०. बोट नाही. अर्धं गाव जमलं आहे. जो येतो तो सगळ्यांना गुड मॉर्निंग म्हणतो. मीही म्हणतो. मिस एल्फ्रीडा खुर्ची घेऊन आली. मी समुद्राकडे पाहू लागलो.

२.१५. बोट दिसली. लाटा धक्क्यावरून जात आहेत. दोनदा जवळ आली, दोनदा मागे फिरली. आज परत गेली तर पुढच्या बुधवारीच. 

२.५०. तिसऱ्या खेपेला दोर लागला. कप्तान रॉल म्हणाला, एकेका खोक्यावर नाव आहे, मिस्टर नॉर्मन. मी बोट हाकतो, नावं खोडत नाही. आणि जाता जाता म्हणाला, तुमच्या बायकोचं खोकं तर उतरलंसुद्धा, एल्फ्रीडाकडे गेलं.

मोयरा बेटावर नाही. एवढंही ज्याला माहीत नाही त्याच्या हाती बोट देतात.

गुरुवार, ६ फेब्रुवारी
बाहेरच्या मालावर अवलंबून राहणं हीच मूळ चूक. कथबर्टच्या बहिणीकडून कोंबडी आणली. टोपली, गवत, पाणी, सावली. शनिवारपर्यंत दोन अंडी, फार तर तीन. लोण्याचं नंतर बघू.

संध्याकाळी: नाही.

शुक्रवार, ७ फेब्रुवारी
६.००. नाही.
७.००. नाही. कोंबडी माझ्याकडे एकटक पाहते.
७.३०. कथबर्ट कुंपणावरून वाकून बघायला लागला आणि धाप लागेपर्यंत हसला. हिच्याकडून अंडी? अहो, हिने अंडी घालणं सोडलं तेव्हा मला दात होते!

१०.००. दुकानाच्या दारात उभा राहिलो. आत सहा बायका. सगळ्या माझ्याकडे वळल्या. शब्द ओठांवर आला होता. तेवढ्यात वाटलं, तिनेच का म्हणू नये? गिऱ्हाईक मी आहे. थांबलो. तीही थांबली. पंखा फिरत होता. शेवटी मी काड्यापेटी मागितली. संपली, म्हणाली. तिच्यामागे भिंतभर काड्यापेट्या होत्या, आणि खाली एक खोकं. त्यावर जाड अक्षरांत ‘मोयरा’.

तरी ती आधी बोलली नाही तशी मीही नाही. बरोबरी.

शनिवार, ८ फेब्रुवारी
दुपारी. मांसाचे डबे पलंगाखाली सरकवले. मार्गारीन लोण्याच्या भांड्यात काढलं, वरून चमच्याने रेघा ओढल्या. कळणार नाही.

४.२०. मोयरा उतरली. एकच लहान बॅग. चांगलं लक्षण आहे. कपडे इथेच आहेत हे तिच्या लक्षात आहे. विचारलं, अंडी आहेत? म्हणालो, कोंबडी आहे. विचारलं, एल्फ्रीडाशी बोललास? म्हणालो, कालच बोललो. म्हणाली, काड्यापेटीचं ना, कळलं मला.

रोज रात्री दोघींचा फोन असतो. ऑक्टोबरपासून.

मोयरा दुकानात शिरली. गुड आफ्टरनून म्हणाली. सगळं दुकान एका आवाजात उत्तरलं. मिस एल्फ्रीडा काउंटरबाहेर आली. कुणासाठी ती काउंटरबाहेर आलेली मी कधी पाहिली नव्हती. मी बॅग धरून दारात उभा होतो.

मग मोयरा बाहेर आली. दुकानाच्या वर एल्फ्रीडाकडे खोली रिकामी आहे, म्हणाली, मंगळवारपर्यंत तिथेच उतरते. बॅग घेतली. मला वाटतं, प्रवासाने दमली आहे.

रविवार, ९ फेब्रुवारी. सकाळी ७.३०
रविवारी दुकान बंद असतं. तरी गेलो. बंद दारासमोर उभा राहून गुड मॉर्निंग म्हणालो. उत्तर आलं नाही. पुन्हा म्हणालो, जरा मोठ्याने. वरची खिडकी उघडली. लोण्यात अंडी तळल्याचा वास आला. मिस एल्फ्रीडा म्हणाली, गुड मॉर्निंग, मिस्टर नॉर्मन. दुकान उद्या आठला उघडतं.

घरी आलो. मांसाचा डबा उघडला.