त्रिवेणीच्या नंबरावर

वालूर, ४ फेब्रुवारी

आधी हे सांग, तुला मिरगी कधीपासून यायला लागली? तुला न्हाऊमाखू घातलं मी, मला पत्ता न्हाई, अन् पाथरीत तुझ्या होणाऱ्या सासऱ्याच्या, चन्नबसप्पाच्या घरी सगळ्यांना ठाऊक!

चि. त्रिवेणीस आजी सिद्धम्माचे आशीर्वाद. वि. वि., तुझी सोयरीक जुळवणारे मुंजाजी काल आले. म्हणाले, टिळा थांबवा. शंभुराजचा मामा विमा उतरवतो. लग्नाची भेट म्हणून तुमच्या दोघांचा विमा काढायला त्यानं यंत्रात तुझ्या फोनचा नंबर टाकला, तर यंत्रानं सांगितलं, पोरगी तीन वर्षांपासून मिरगीच्या गोळ्या खाती. माझ्या हातातला तांब्याच पडला. तुझी आई रडायली.

खरं असंल तर त्यात लाज न्हाई, औषध हाय. पण माझ्यापासून लपवलं असंल तर तिथं येऊन चोपीन. फोन करू नको, घरात लय कान हायेत. लिही.

सिद्धम्मा

परभणी, ८ फेब्रुवारी

ती. आजीस त्रिवेणीचा सा. न. वि. वि., मला मिरगी नाही. सेलूच्या मेडिकलची शाखा इथंही आहे, तिच्या ॲपमधली माझी खरेदी उघडून पाहिली आणि हादरलेच. तिथं मी गुडघ्यांना तेल चोळते, दम्याचा पंप ओढते, दोन तान्ह्या लेकरांना डब्याचं दूध पाजते आणि महिन्याला साठ गोळ्या मिरगीच्या खाते! सगळं सेलूच्या दुकानातून. आजी, खरेदीच्या पॉइंटांवर मिळणाऱ्या स्टीलच्या डब्यांसाठी अख्ख्या गल्लीची औषधं माझ्या नंबरावर आणतेस ना?

इथल्या दुकानदाराला विचारलं, हे विमावाल्यांकडं गेलंच कसं. तो म्हणाला, ताई, माहिती पुढं द्यायला तुमीच ॲपमधे ‘मान्य’ दाबलंय. दाबलं होतं खरं, एक अक्षर न वाचता. ॲप घेतलं की साबण फुकट होता.

गोळ्या कुणाच्या ते पाथरीला कळव, म्हणजे मिटेल. मला शंभुराज आवडतो, आजी. चार दिवस झाले, त्याचा फोन नाही.

तुझी, रागावलेली पण तुझीच,
त्रिवेणी

वालूर, १२ फेब्रुवारी

रा. रा. चन्नबसप्पा यांस सिद्धम्माचे शरणार्थ. वि. वि., त्या गोळ्या माझ्या पिशवीतून आल्या. बाजारच्या दिवशी मी सात घरांच्या चिठ्ठ्या घेऊन सेलूला जाते. दुकानात नंबर मागतात. मला एकच पाठ हाय, नातीचा. सात घरांची दुखणी मी तिच्या माथी मारली. चूक माझी. त्यापायी डबे मिळाले चार, त्यातल्या एकाचं झाकण बसत न्हाई.

गोळ्या खाणारीचं नाव मात्र सांगणार न्हाई. ती एका घरची सून हाय, तिनं इतबारानं चिठ्ठी माझ्या हाती दिली. ते पुढं विकायला मी दुकान न्हाई. माझी नात सुटावी म्हणून तिला तुमच्या मेहुण्याच्या यंत्रात घालू? अन् नातीला खरंच मिरगी असती, तर ती माणूस नव्हती का?

मला धक्का वेगळाच बसलाय. तुमी तीनदा आमच्या घरी चहा पिलात, पोरीला समोर बसवलंत, तिला काही विचारलं न्हाई, अन् तिची चौकशी केली ती यंत्राकडं! मेहुण्यांना म्हणावं, एकदा तुमच्या घरचे नंबर टाकून बघा, काय काय निघतंय. पोरीला मिरगी न्हाई म्हणून डॉक्टरचा दाखला मी आणणार न्हाई.

लोभ उरला असंल तर ठेवा, नसला तर तसं कळू द्या. पण उत्तर तुमी लिहायचं न्हाई, मेहुण्यांनी तर न्हाईच. लग्न शंभुराजचं हाय. त्यानं स्वतःच्या हातानं लिहावं, अन् मला न्हाई, त्रिवेणीला.

सिद्धम्मा