नर्मदा, यादीत दुसरी

९ जानेवारी

दुसरी! नर्मदा यादीत दुसरी!

सकाळी साडेसहाला निकाल आला. दूध उतू गेलं तरी मी फोनच बघत होते. लीग सुरू झाल्यापासूनच्या सगळ्या बास्केटबॉल खेळाडूंत सर्वाधिक गुण कुणाचे, त्याची यादी — पहिला फिनलंडमधल्या कुणाच्या तरी संघातला, तो केव्हाच निवृत्त झालाय. आणि त्याच्या खालोखाल आमच्या 'कट्टा काजू' संघाची नर्मदा. अजून साडेचारशे गुण केले की पहिली!

या फोनवरच्या खेळात खरी माणसं नाहीत, खरा चेंडू नाही. कॉम्प्युटर आपला आपणच सामना खेळतो, आपण फक्त संघ लावायचा. ह्यांना हे समजावून दोन वर्षं झाली. अजून विचारतात, "पण मगे खेळता कोण?"

११ जानेवारी

नाव सासूबाईंचं आहे हे घरात कुणाला ठाऊक नाही. खेळाडू तयार करताना आधी स्वभाव निवडावा लागतो. मी निवडला — दमत नाही, कुणाचं ऐकत नाही, चेंडू हातात आला की दुसऱ्याला देत नाही. मग दुसरं नाव सुचणार कुठून? त्याच दिवशी आईंनी माझ्या सोलकढीत माझ्यादेखत तांब्याभर पाणी ओतलं होतं!

बारा मोसम झाले, एकेक जेमतेम तीन महिन्यांचा. मोसमागणिक वय एकाने वाढतं. आता अडतीस.

१४ जानेवारी

पकडले गेले! फोन ओट्यावर ठेवून खोबरं खवत होते. आईंनी चष्मा लावून बघितलं. कॉम्प्युटरने नर्मदेला स्वतःच्या मनाने चेहरा दिलाय — टक्कल आणि दाढी.

"ह्यो दाढीवालो कोण गो?"

काय सांगणार? "तुमी," म्हटलं.

वाटलं, आता घर डोक्यावर घेणार. पण काठी टेकत बाकावर बसल्या, नाव दोनदा वाचलं. मग म्हणाल्या, "पॉईंट किती?" यादी दाखवली. "पयलो कोण?" फिनलंडवाला दाखवला. कितीतरी वेळ त्याच्याकडे बघत राहिल्या. बांध सरकवणाऱ्या भाऊबंदाकडे बघतात तशा.

१५ जानेवारी

साडेसहाला माझ्याआधी उठून बसलेल्या. "आज माका किती?"

२० जानेवारी

घात झाला! नर्मदेचा डावा गुडघा गेला.

फोनवर दोन पर्याय आले. ऑपरेशन केलं तर तीन आठवडे बाहेर. नाहीतर तशीच खेळवा, निम्म्या जोमाने — गुडघा कायमचा गेला तर तुमचं नशीब. मोसमाचा महिना उरलाय. तशीच रेटली तर विक्रम होतोय! बोट बटणापर्यंत नेलं.

"थांब," आई म्हणाल्या. "दुखता काय गो तिका?"

"धातले सात, असा लिवलेला आसा."

"सात? सात खंयचा! उठताना धा आसता. आणि पायरी चढताना तर—"



चार वर्षं डावा पाय ओढत ही बाई मला, ह्यांना, डॉक्टरला एकच सांगतेय — माका काय्येक दुखना नाय. डॉक्टरने ऑपरेशनचं नाव काढलं तर पिशवी उचलून सरळ एसटीत जाऊन बसली होती. मला रडूच आलं. तोंड फिरवून भांडी घासायला लागले.

२१ जानेवारी

ऑपरेशन करायचं की नाही हे मी ठरवायचं नाही. ग्रामदेवाला, रवळनाथाला कौल लावायचा! आईंचा हुकूम.

"फोनातल्या बाईसाठी कौल?"

"नाव माझा मां? मगे!"

२३ जानेवारी

आजचं सगळं लिहून ठेवते.

गणपत गुरवाने देवाच्या मूर्तीला उजवीडावीकडे फुलाच्या ओल्या पाकळ्या चिकटवल्या आणि गाऱ्हाणं घातलं. "बा देवा रवळनाथा, ह्या नर्मदेच्या डाव्या गुडघ्याचा ऑपरेशन करूचा काय नको, काय ता सांग रे महाराजा!" मागे उभे होते ते सगळे, "व्हय महाराजा!" कुठली नर्मदा, हे आईंनी गणपतला सांगितलंच नव्हतं. लाज वाटली असेल.

एरवी उभं राहून पाय मोडतात. आज पाकळी लगेच पडली. उजवी! म्हणजे कर.

आम्ही चपला घालेपर्यंत बातमी दुकानापर्यंत गेली. नर्मदाकाकीला देवाचा हुकूम झाला! आई ओरडतायत, "माझा न्हय रे! त्या फोनातल्या दाढीवाल्याचा!" लोक एकमेकांकडे बघायला लागले. कुणीतरी मला हळूच विचारलं, डोक्यावर तर परिणाम नाही ना झाला?

गणपत मात्र शांत. "काकी, फोनातलो गुडघो देवाक कसो दिसतलो? समोर उभी होती तिचो बघल्यान आणि सांगल्यान. आता मागे फिरूक जमाचा नाय."

 आई घराच्या पायरीशी थांबल्या, ती चढायला नेहमीपेक्षा जास्त वेळ घेतला. मग म्हणाल्या, "आंबो सुरू होवच्या आधी काय ता उरकून टाका."

२४ जानेवारी

फोनातलीचं ऑपरेशन एका बटणात झालं. खरीसाठी रक्त, लघवी, ईसीजी, गोव्याच्या हॉस्पिटलची तारीख, आणि जुना एक्स-रे सापडत नाही म्हणून ह्यांची आणि माझी जुंपली. सापडला. गादीखाली. आईंनीच लपवला होता!

२ फेब्रुवारी

झालं. सगळं नीट झालं. देवा रवळनाथा!

आईंना शुद्ध आली. हे हात धरून बसलेले. आईंनी त्यांच्याकडे बघितलंसुद्धा नाही. "सुगंधा, ती खेळाक लागली?"

२२ फेब्रुवारी

मोसम संपला. नर्मदा परत येऊन जीव तोडून खेळली. सत्तावीस गुण कमी पडले. सत्तावीस! एका सामन्याचे!

आई दिवसभर फोन मागतात. हे बटण कसलं, ते बटण कसलं. बिचाऱ्यांचा वेळ जातो म्हणून दाखवते.

२४ फेब्रुवारी

नर्मदेचा करार संपला. आता एकोणचाळीस, धाव निम्म्यावर. तेवढ्याच पगारात एक वीस वर्षांचा चपळ पोरगा मिळतोय.

"ठेवतलंस मां तिका?" आईंनी विचारलं.

मी मान वर न करताच म्हटलं, "वय झाला तिचा. आता काय उपयोग?"

बोलले आणि कळलं. पण तोंडातून गेलं ते गेलं.

२५ फेब्रुवारी

आईंचा अबोला. पेज नेऊन दिली तर भिंतीला म्हणाल्या, "थयसर ठेव."

३ मार्च

बोलायला लागल्या! वॉकर घेऊन अंगणापर्यंत गेल्या. ह्यांनी त्यांना आपला जुना फोन दिलाय. मायलेक कुजबुजत असतात. मी गेले की आंब्याच्या पेट्यांचं बोलतात. पेट्यांचं कुणी कुजबुजून बोलतं?

मला राहवेना. सोडून दिलेल्या नर्मदेला गुपचूप परत घ्यावं म्हणून खेळाडूंच्या बाजारात शोधलं. नाही! कुणीतरी उचलली! एकोणचाळीस वर्षांची, एका गुडघ्याची — घेणारा कोण शहाणा असेल?

१६ मार्च

नवीन मोसमाचा पहिला निकाल. 'रवळनाथ प्रसन्न' नावाच्या कुठल्याशा नव्या संघाने आमचा धुव्वा उडवला. त्यांच्या एकीचे एकेचाळीस गुण, बाकी चौघांचे मिळून बावीस. नर्मदा! यादीत पहिली!!

संघाच्या मालकाचं नाव उघडून बघितलं. नर्मदा.

आतल्या खोलीतून हाक आली, "गो सुगंधा! हरलल्यांनी चाय करूची!"