मिश्रीच्या पोटातला दोरा

आष्टी,
गुरुवार, १५ जानेवारी

लाडक्या आफ्रीनबेटीला अब्बाचा सलाम, अन् लई लई दुवा.

परभणीत थंडी हाय म्हणं. गरम कपडे घालत जा. जावई मुस्तकीम मियाँला माझा सलाम सांग. इकडं सगळं बरं हाय. तुझ्या अम्मीचे गुडघे दुखतेत, पण भांडायला गुडघे लागत न्हाईत, तवा तिचं काई अडलेलं न्हाई. लगीनसराईमुळं दुकानात ब्लाउजांचा ढीग पडलाय.

फोन असताना अब्बा पत्र कावून लिहायलाय, असं म्हणशील. फोनवर अम्मी कान लावून बसती. तिला उर्दू वाचता येती, मराठी न्हाई. तू अन् मी मराठी शाळेतले. पोरगी दिवसात हाय, बाळंत होईस्तोवर तिला काई सांगायचं न्हाई, असं अम्मीनं मला बजावलंय. पण काल तू म्हणलीस, "अब्बा, फोन मिश्रीच्या तोंडाजवळ धरा, तिचं म्याव तरी ऐकू द्या." मी म्हणलं, झोपलीय. खोटं बोललो.

तिला बरं न्हवतं बेटा. मागल्या आठवड्यात दुपारी ती कोपऱ्यात ओकायली. जाऊन बघतो तर मागून दोरा लोंबायलाय. मशीनखाली पडलेला पिवळा दोरा गिळलता तिनं. आता दोरा लोंबताना दिसला की टेलर काय करतो? ओढतो. थोडा आला, मग अडकला. मी जोर लावला. मिश्री अशी किंचाळली की अम्मी पळत आली. मी म्हणलं, शेपटीवर पाय पडला.

आपले सरकारी डॉक्टर गायी-म्हशी बघणारे. ते म्हणले, हे माझ्याच्यानं होणार न्हाई, नगरला न्या. पिशवीत घालून एस्टीनं नेली. तिथं वर्षाराणी मॅडम म्हणून डॉक्टरीण हाय, तुझ्याच वयाची. तिनं मिश्रीची जीभ उचलली, तर दोऱ्याचं दुसरं टोक जिभेच्या बुडाला गुंडाळलेलं. ते कापलं अन् मला विचारलं, "काका, खरं सांगा. दोरा कुणी ओढला होता का? ओढला नसेल तर आपोआप सरकतो का ते उद्यापर्यंत बघू. ओढला असेल तर आतडं चिरलं असेल, मग आत्ताच पोट उघडावं लागेल."

मी म्हणलं, न्हाई.

कावून म्हणलं, अल्लालाच ठाऊक. बाकड्यावर माणसं बसलती, आपापली कुत्री-मांजरं घेऊन. सगळे माझ्याकडंच बघायलते. शरम वाटली. वाटलं, एवढंसं तर ओढलं, त्यानं काय होतंय.

मॅडमनी सलाईन लावून तिला ठेवून घेतलं. दुसऱ्या दिवशी पोट फुगलं, ताप चढला. मग ऑपरेशन केलं. झाल्यावर मला आत बोलावलं अन् कापून काढलेला आतड्याचा तुकडा दाखवला. आफ्रीन, चुण्या होत्या गं! परकराला दोरा घालून ओढल्यावर कापड गोळा होतं ना, तशा. एक टोक जिभेला अडकलेलं, दुसरं मी ओढलेलं. अन् चुणीचुणीत दोऱ्यानं आतडं चिरलेलं. टेलरला हे कळू नये? अख्खा जन्म चुण्या घालण्यात गेला माझा.

मॅडम एवढंच म्हणली, "काका, काल सांगायला हवं होतं." शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. तिनं लई बारीक टाके घातले, पण पोटात घाण पसरलती. मिश्री शुद्धीवर आली. मी हाक मारली तर कान हलवला. संध्याकाळी गेली.

सासरी मांजर चालत न्हाई म्हणून रुखसतीच्या वक्ताला तू तिला माझ्या हातात दिलीस, म्हणलीस, माझी अमानत हाय, सांभाळा. अम्मीनं तिला तुझ्या जुन्या ओढणीत गुंडाळून परसात पुरली. अम्मीला वाटतं आजारानं गेली. मी तिला तसंच वाटू दिलंय.

आता तू बाळंतपणाला येणार. अम्मीनं तुझा पलंग खिडकीपाशी लावून ठेवलाय. बाळाला आधी अब्बाजवळ देणार, असं तू म्हणतीस. पोरी, मला माझीच भीती वाटायलीय. दोरा ओढला ती चूक झाली, ती कुणाच्याबी हातून होईल. पण मॅडमनी तोंडावर विचारलं तवा मी एक शब्द खरा बोललो असतो तर मिश्री जगली असती. उद्या बाळ माझ्या हातून पडलं, अन् तू विचारलंस, "अब्बा, काय झालं?" तर हा माणूस खरं सांगंल का? मी लई विचार केला. मला ठाऊक न्हाई.

म्हणून म्हणतो, बाळ अम्मीजवळ दे. मी एकटा असताना माझ्याजवळ ठेवू नको. मी मागितलं तरी देऊ नको.

अन् हे वाचून तू आलीच न्हाईस, तर अम्मीला काई कारण सांगू नको. ते मी सांगीन.

तुझ्या फोनची वाट बघणारा, अन् तो वाजू नये म्हणणारा,
तुझा अब्बा
शफी