गोळ्या किती दिवस बंद होत्या

११ जून २०१८, पिंपळगाव राजा
रेणूले अकोल्याले दाखवून आणलं. एकोणीस वर्षांची लेक अन् हाताची हाडं मोजून घ्या. सहा महिने झाले, शौचातून रक्त. पोटाच्या डॉक्टरांनी दुर्बीण टाकून पाहिली. मोठ्या आतड्यात जखमा. शरीराची रोगाशी लढणारी ताकदच आतड्यावर उलटली म्हणे. काऊन? नक्की सांगता येत नाही. पोटात चांगले जंतू असतात, ते या ताकदीले आवरतात. ते कमी झाले की असं होत असावं, शोध चालू आहे.
"लहानपणी अँटिबायोटिक फार दिलं का?"
बायकोनं, शोभानं, माह्याकडे पाहिलं. दर तापाले कॅप्सूल मीच आणे. दोन दिवस द्यायच्या, ताप उतरला की बंद. कृषी केंद्रवाला ना मी! फवारल्याबिगर चैन कुठं पडते.
गोळ्या दिल्या. दही-ताक चालेल, पण औषध म्हणून नाही, असं दोनदा सांगितलं.

१४ जून
दुकानात बियाण्याची गर्दी. मागल्या साली बीटी कपाशीवर बोंडअळी पडली, त्याचा राग अजून माह्यावरच. एक जण चारचौघांत म्हणे, "अळी लागतच नाही म्हणून तूच सांगे ना बे?" सांगे. कंपनीचा माणूस सांगे, मी पुढं सांगे.
ताकासाठी गावभर फिरलो. सारं रान कपाशीचं. ज्वारी गेली, कडबा गेला, त्यामागं म्हशी गेल्या. हे बियाणंही माह्याच दुकानातलं. शेवटी एक म्हैस राखून असलेल्या रशीदभाईच्या घरी मिळालं. "पोरीसाठी रोज धाडतो, तुम्ही यायचं काम नाही."

२९ जून
रक्त थांबलं. भाकर खाल्ली रेणूनं! "बाबा, तुमच्या अंगाले दुकानाचा वास येते, दूर बसा." कितीक दिवसांनी चेष्टा केली पोरीनं. आत जाऊन डोळे पुसले.

३ जुलै
एक जण सोयाबीनच्या बियाण्याले बुरशीनाशक अन् जिवाणू कल्चर एकाच घमेल्यात कालवून राह्यला होता. माह्या दुकानासमोरच! खेकसलो त्याच्यावर. "जिवाणू जिते असतात बे. औषधात घातले तर मरतील, मग पाकीट नेलं कशाले?"
दुपारभर तेच डोक्यात. रेणू सकाळी गोळ्या घेते, दुपारी ताक पिते. म्हणजे पोरीचं पोट एकच घमेलं झालं ना? इकडून जंतू सोडायचे, तिकडून मारायचे.

४ जुलै
रेणूले सांगितलं, गोळ्या बंद. जंतूंले आधी रुजू दे.
"बाबा, डॉक्टरले फोन करून इचारा ना."
"मले शिकवू नको. वीस वर्षं जिवाणू विकून राह्यलो."
मायले सांगू नको म्हटलं. रेणूनं गोळ्यांचं पाकीट माह्या हातात दिलं. दुकानाच्या खणात टाकलं.

१२ जुलै
ठीक आहे. मीच बरोबर. रशीदभाईले सांगितलं तर म्हणे, "डॉक्टरसाहेबांले इचारलं का?" मी पावसाचं काढलं.

१९ जुलै
काल सकाळपासून अकरा खेपा. सारं रक्त. दुपारी न्हाणीघरातच पडली. जीपमधून अकोला. भरती. रस्त्यानं शोभा देवाचं नाव घेत होती, मी…

२० जुलै
डॉक्टर चिडले. "गोळ्या कोणी बंद केल्या? त्या जंतू मारायच्या नव्हत्याच. सूज दाबायच्या होत्या. एकदम बंद करायच्या नसतात, सांगितलं होतं ना?"
जंतू मारायच्या नव्हत्याच. मी मात्र डोकं लावलं.
तोंड उघडलं होतं मी. देवाशपथ उघडलं होतं. पण रेणूच बोलली, "मीच केल्या. कंटाळा आला होता."
"किती दिवस?"
"तीन-चार."
पंधरा दिवस. डॉक्टरांनी लिहून घेतलं तीन-चार. मी लिहू दिलं.

२३ जुलै
शोभा तिच्यावर घसरली, तेही साऱ्या वार्डासमोर. "बाप तुह्यासाठी मरून राह्यला, अन् तुले गोळी गिळायचा कंटाळा?" रेणू भिंतीकडे तोंड करून पडली. मी शोभाले इचारलं, चहा आणू का. थू माह्या जिंदगानीवर.

२५ जुलै
सलाईनमधून तेच औषध जोरात चालू, उतार कमी. डॉक्टर बाहेर घेऊन बोलले. गोळ्या चालू असतानाच इतकं बिघडलं, तीन-चार दिवसांच्या खंडानं एवढं होत नाही. म्हणजे हे औषध तिले लागूच पडत नाही असं दिसते. अजून वाट पाहण्यात अर्थ नाही. मोठं आतडं काढायची तयारी ठेवा. पोटावर पिशवी लागेल, काही काळ किंवा कायमची. शोभा भिंतीले टेकून खाली बसली.
लागू पडलं होतं. भाकर खाल्ली होती पोरीनं.
पंधरा दिवस गोळ्या बंद होत्या, हे इथं फक्त दोघांले माहीत. एक खाटेवर, एक हा नालायक.

२६ जुलै, सकाळी
रेणूले म्हटलं, आज सांगतो. ती म्हणे, "मायसमोर नका सांगू. ती तुमच्यासंग राहणार नाही." म्हटलं, तुह्यं आतडं जाऊन राह्यलं अन् तुले माह्यी पडली? रडली. माह्यानंही आवरलं नाही.
डॉक्टर राउंडले आले. मी उठलो. शोभा उशाशी उभी. रेणूनं माह्या शर्टाची बाही धरली, सोडेच ना. डॉक्टरांनी नाडी पाहिली, "संध्याकाळपर्यंत ठरवा" म्हणाले अन् पुढच्या खाटेवर गेले.
बाकड्यावर बसून लिहून राह्यलो. अजून वार्डातच आहेत ते. चौथ्या खाटेवर बोलून राह्यले, इथवर ऐकू येते. पंधरा दिवस, एवढंच तर सांगायचं आहे.