हौदात सोडलेलं तीर्थ

३ फेब्रुवारी
निलंग्याहून एसटीने सुखरूप पोचलो. उमरीजवळचा हा खताचा कारखाना चांगला ऐसपैस आहे. खोली हवेशीर, खिडकीतून समोरच हौद दिसतात. पत्नी उमाबाई महाशिवरात्रीला येईल, मग घर लागेल. माझ्याकडे सांडपाण्याचं काम आहे. मोठ्या हौदात तळातून हवा सोडायची. त्यातले जिवाणू पाण्यातला अमोनिया खातात आणि त्याचा नायट्रेट करतात. पुढच्या हौदात हवा बंद, तिथल्या जिवाणूंना गुळाचं पाणी द्यायचं. ते नायट्रेट फोडतात आणि नायट्रोजन वाऱ्यावर निघून जातो. डोळ्यांना न दिसणारे जीव, आणि केवढी त्यांची चाकरी. मन प्रसन्न झालं.

५ फेब्रुवारी
थंडीमुळे जिवाणू मंदावलेत. अमोनियाने डोळे चुरचुरतात. सकाळी गळ्यातल्या इष्टलिंगाची पूजा केली. उरलेलं तीर्थ कुणाच्या पायाखाली येऊ नये म्हणून घरी बेलाच्या मुळाशी घालतो. इथे सगळीकडे सिमेंट, झाड नाही. मोठ्या हौदात सोडलं. तिथले जिवाणू, तेही जीवच.

८ फेब्रुवारी
अमोनिया निम्म्याने उतरला. प्रयोगशाळेतला दयानंद हसत म्हणाला, "अप्पा, तुमचे जिवाणू लई जेवून राहिले. मंत्र घातला का काय?" मी तीर्थाचं सांगितलं. तिथे झाडत असलेल्या सरजाबाईचा हात थांबला. माझ्या आधीचे महादेवप्पाही तसंच करायचे, म्हणाली. एका सकाळी त्यांच्या चपला कठड्याशी दिसल्या. हौद बांबूने ढवळला, काही लागलं नाही.

१३ फेब्रुवारी
अमोनिया शून्य. पण मला वास येईनासा झालाय. भस्माचा नाही, भाकरीचा नाही. मीठही कळत नाही. इष्टलिंगावरची कांती, तो काळा लेप, विरून खालचा दगड दिसतोय. काल तीर्थ दिलं नाही, तर अमोनिया लगेच चढला. दूषित पाणी ओढ्यातून गावात जातं. म्हणून आज पुन्हा दिलं, तर परत शून्य.

१८ फेब्रुवारी
हवेची नळी बदलायला वर ओढली. तिला लिंग ठेवायची चांदीची पेटी अडकली होती, गळ्यात घालायच्या शिवदोऱ्यासकट. महादेवप्पांचीच असणार. आत काही नाही. सरजाबाई हळूच म्हणाली, "अप्पा, आजच गावाकडं जावा. त्या हौदाला तुमची चव लागली हाय."
खरं असावं. भीती वाटायला हवी होती.

२२ फेब्रुवारी
लिंग हरभऱ्याएवढं उरलंय. तळहात गुळगुळीत, रेषा नाहीत. उमाबाईचा फोन आला, शिवरात्रीला येते म्हणाली. येऊ नको, असं सांगायचं होतं. बरं, म्हणालो.

२५ फेब्रुवारी
माझीही पेटी रिकामी. लिंग गेल्यावर माणसाने जगू नये, असं वडील मानत. रडू आलं नाही. जेवायचं राहिलं — की जेवलो —

२६ फेब्रुवारी, महाशिवरात्र
उमाबाई आली. तिने तिच्या इष्टलिंगाची पूजा केली. तीर्थ कुठं घालू, विचारलं. माझा हात सवयीने खिडकीबाहेर, हौदाकडे गेला —

कठड्याशी उभी आहे. हातात वाटी. बुडबुडे थांबलेत. पाणी कडेने चढतंय — तिच्याच बाजूला —

ती वाकली. हाक मारायला हवी. नाव याच पानावर वर लिहिलंय, वाचता येतं. पण ही बाई माझी कोण —